कर्करोगाच्या उपचारांचा खर्च मोजतात कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान कळलं की थोड्याच वेळात घरातलं कोणीतरी विचारतं, "एकूण खर्च किती येईल?" हाच प्रश्न आरोग्य खात्यातला अधिकारी विचारतो, विमा कंपनीतला हिशेबनीस विचारतो, संशोधन करणारी विद्यार्थिनी विचारते आणि बातमी लिहिणारा पत्रकारही विचारतो. शब्द तेच असले तरी प्रत्येकाला हवं असलेलं उत्तर वेगळं असतं. खर्चाचा आकडा कसा तयार होतो, त्यात काय धरलं जातं आणि काय निसटतं, हे इथे सांगितलं आहे. उदाहरणांतल्या रकमा कोणत्याही चलनातल्या नाहीत. नुसते 'एकक' म्हणून वाचाव्यात.

एकाच आजाराच्या खर्चाचे दोन अभ्यासांत इतके वेगळे आकडे का येतात? त्यातला एक चुकीचा असतो का?

बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. आकडा हातात आला की आधी चार गोष्टी शोधाव्यात: खर्च कोणाचा, कशाकशाचा, किती काळाचा आणि कोणाशी तुलना करून काढलेला. या चारांपैकी एकही गोष्ट सांगितली नसेल तर त्या आकड्यावर मी तरी कोणताही निर्णय घेणार नाही.

युरोपीय संघातल्या देशांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २००९ या एका वर्षातला कर्करोगाचा एकूण भार १२६ अब्ज युरो निघाला. यातले आरोग्यसेवेवर खर्च झालेले फक्त ५१ अब्ज, म्हणजे सुमारे ४० टक्के. बाकीच्यात अकाली मृत्यूंमुळे बुडालेलं उत्पन्न ४२.६ अब्ज, घरच्यांनी विनामोबदला केलेल्या शुश्रूषेचं मोल २३.२ अब्ज आणि आजारपणात बुडालेले कामाचे दिवस ९.४ अब्ज. आरोग्यमंत्र्यांनी "५१" म्हटलं तरी बरोबर आणि रुग्ण संघटनेने "१२६" म्हटलं तरी बरोबर. मात्र ५१ हा आकडा "कर्करोगाचा एकूण खर्च" म्हणून छापला, तर निम्म्याहून जास्त ओझं वाचकाच्या नजरेआड जातं.

'कोणाचा खर्च' याने एवढा फरक का पडतो?

कारण खर्च नाहीसा न होता नुसता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाऊ शकतो. समजा, दाखल करून द्यायचा उपचार आता गोळ्यांच्या रूपात घरीच घेता येतो. रुग्णालयाचा खाटेचा खर्च वाचला, विमा कंपनीचाही वाचला. पण रात्री ताप आला तर जागणं, उलट्यांवर लक्ष ठेवणं, गोळ्यांच्या वेळा सांभाळणं ही कामं घरातल्या कोणाच्या तरी अंगावर आली. रुग्णालयाच्या बाजूने मोजलं तर ही बचत आहे. कुटुंबाच्या बाजूने मोजलं तर तो नवा भार आहे.

म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच पानावर दृष्टिकोन लिहिलेला असावा: रुग्णालयाचा, पैसे देणाऱ्या संस्थेचा, कुटुंबाचा की संपूर्ण समाजाचा. आरोग्य-अर्थशास्त्रातल्या अमेरिकी तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की, आरोग्यव्यवस्थेचा आणि समाजाचा असे दोन्ही दृष्टिकोन धरून हिशेब द्यावा, शिवाय कोणते परिणाम मोजले आणि कोणते सोडले याचा तक्ताही जोडावा. मला त्या तक्त्याचं महत्त्व जास्त वाटतं. काय सोडलं हे एकदा कागदावर आलं की ते विसरता येत नाही.

रुग्णालयाचं बिल म्हणजेच खर्च, असं का म्हणायचं नाही?

बिलावरची रक्कम ही आकारणी असते. विमा कंपनी किंवा सरकारी योजना प्रत्यक्षात जे चुकतं करते ती वेगळी रक्कम असते. आणि ती सेवा देण्यासाठी रुग्णालयाची जी माणसं, यंत्रं, औषधं, जागा आणि वीज खर्ची पडली, ती तिसरीच रक्कम. काही विभाग तोट्यात चालतात आणि त्यांची भरपाई दुसऱ्या विभागांच्या चढ्या दरांतून होते. त्यामुळे स्कॅनचा दर पाहून स्कॅनला खरोखर किती लागलं हे कळत नाही.

बिलांच्या नोंदी सहज मिळतात म्हणून अनेक अभ्यास त्यांवरच उभे असतात. मग विभागवार गुणोत्तर लावून आकारणीवरून खर्चाचा अंदाज काढतात: त्या विभागाचा वर्षाचा खर्च भागिले वर्षाची आकारणी. मोठ्या गटाच्या सरासरीसाठी हे चालतं. पण "या एका शस्त्रक्रियेला किती लागलं?" असं विचारलं तर हे गुणोत्तर फसवतं, कारण एकाच विभागातल्या सगळ्या सेवांना ते एकाच मापाने मोजतं.

मग खरा खर्च काढायचा कसा?

दोन वाटा आहेत. वरून खाली यायचं म्हटलं तर रुग्णालयाचा एकूण खर्च घ्यायचा आणि तो खाटा-दिवस, ओपीडी भेटी, शस्त्रक्रिया यांवर वाटायचा. काम लवकर होतं, पण सगळे रुग्ण सारखेच दिसू लागतात. खालून वर जायचं तर प्रत्येक रुग्णासाठी वापरलेली प्रत्येक गोष्ट मोजायची: किती मिनिटं, कोणाची, कोणतं साहित्य, किती. याला मायक्रोकॉस्टिंग म्हणतात. ते कष्टाचं आहे, पण एका रुग्णाला जास्त का लागलं याचं कारण त्यातूनच हाती लागतं.

खालून वर जाण्याची एक सुटसुटीत रीत रॉबर्ट कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडली. ती वेळेवर आधारलेली आहे. पुढे कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये ती आरोग्यसेवेसाठी मांडली, तेव्हा त्यांच्या उदाहरणांत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातला डोकं-मान विभाग होता. या रीतीत दोनच आकडे लागतात: त्या माणसाच्या किंवा यंत्राच्या एका मिनिटाचा खर्च आणि कामाला लागलेली मिनिटं.

उदाहरण घेऊ. केमोथेरपीच्या डे केअरमधल्या नर्सवर महिन्याला, पगार, रजा, प्रशिक्षण सगळं धरून, ४८,००० एकक खर्च होतो. महिन्यात २० दिवस, रोज ८ तास म्हणजे ९,६०० मिनिटं. पण ती काही यंत्र नव्हे. विश्रांती, बैठका, पाळी बदलताना माहिती सोपवणं यांत वेळ जातो. म्हणून माणसांसाठी सुमारे ८० टक्के वेळ प्रत्यक्ष कामाचा धरतात: ७,६८० मिनिटं. ४८,००० भागिले ७,६८० म्हणजे मिनिटाला ६.२५ एकक. शीर शोधणं, सलाईन लावणं, औषध सुरू करणं आणि लक्ष ठेवणं यांत तिची ४० मिनिटं गेली तर त्या रुग्णावर तिचा खर्च २५० एकक.

या रीतीचा आणखी एक फायदा म्हणजे रिकामा वेळ वेगळा दिसतो. रेडिएशनचं यंत्र अर्धा दिवस बंद राहिलं तर जुन्या पद्धतीत त्या रिकाम्या तासांचा खर्च आलेल्या रुग्णांवर वाटला जातो आणि रुग्ण महाग दिसतो. वेळेच्या हिशेबात तो यंत्राच्या न वापरलेल्या क्षमतेच्या नावावर राहतो, आणि तो तिथेच असायला हवा.

मिनिटं मोजणाऱ्याने घड्याळ घेऊन स्वतः वॉर्डात उभं राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कार्यालयात बसून "या कामाला किती वेळ लागतो?" असं विचारलं की नियमानुसार लागायला हवा तो वेळ सांगितला जातो. शीर सापडत नसलेल्या रुग्णाजवळ नर्स किती वेळ बसली, हे त्या उत्तरात येत नाही.

औषधाचा खर्च तरी सोपा असेल ना? डोस गुणिले दर?

तोही सरळ नाही. बरीच इंजेक्शनं वजनावर किंवा शरीराच्या पृष्ठभागावर बेतून देतात, पण कुपी ठरावीक मापाचीच मिळते. डोस १३० मिलिग्रॅम आणि कुपी १०० मिलिग्रॅमची असेल तर दोन कुप्या फोडाव्या लागतात. उरलेले ७० मिलिग्रॅम त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णासाठी सुरक्षितपणे वापरता आले तर ठीक, नाहीतर तेही या रुग्णाच्याच खर्चात धरावे लागतात. शिवाय छापील किंमत आणि सवलतीनंतरची किंमत यांत मोठं अंतर असू शकतं, आणि ती सवलत बहुधा गोपनीय असते. त्यामुळे अभ्यासात कोणती किंमत वापरली हे शोधून पाहावं.

कर्करोग झालेल्या माणसाच्या सगळ्या आरोग्यखर्चाला कर्करोगाचा खर्च म्हणायचं का?

सत्तर वर्षांच्या आजींना स्तनाचा कर्करोग आहे, त्याआधीपासून मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. त्यांच्या नावावरचा सगळा खर्च जोडला तर मधुमेह आणि गुडघे दोन्ही कर्करोगाच्या खात्यात जातात. उलट, फक्त 'कर्करोग' अशी नोंद असलेल्या भेटीच मोजल्या, तर केमोमुळे झालेल्या न्यूमोनियासाठीचं दाखल होणं सुटतं, कारण त्या कागदावर न्यूमोनिया लिहिलेलं असतं.

यावर सर्वांत जास्त वापरला जाणारा तोडगा तुलनेचा आहे. वय, लिंग, राहण्याचा भाग आणि जमल्यास इतर आजार यांत जुळणारी, पण कर्करोग नसलेली माणसं शोधायची. दोन्ही गटांचा सगळा खर्च काढायचा आणि वजाबाकी करायची. उरतो तो कर्करोगामुळे वाढलेला निव्वळ खर्च. कोणती भेट कशासाठी झाली हे ठरवण्याची गरजच पडत नाही. अखेरच्या वर्षासाठी मात्र जिवंत माणसांशी तुलना करून भागत नाही. आयुष्याचं शेवटचं वर्ष कोणत्याही आजारात महागच असतं, म्हणून तिथे दुसऱ्या कारणाने वारलेल्यांशी ताडून पाहणं जास्त न्याय्य ठरतं.

'टप्प्यांनुसार खर्च' असं वाचनात येतं. हे टप्पे कोणते?

कर्करोगाचा खर्च काळाबरोबर सारखा वाहत नाही. निदानानंतर तपासण्या, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं एकदम येतं आणि खर्च उसळतो. मग ठरावीक मुदतीने तपासण्या एवढंच उरतं आणि तो खाली बसतो. मृत्यूच्या आधीच्या महिन्यांत तो पुन्हा चढतो. आलेख काढला तर दोन टोकांना बांधलेल्या झोळीसारखा दिसतो.

म्हणून आयुष्याचे तीन भाग करतात. निदानानंतरचे पहिले १२ महिने हा सुरुवातीचा टप्पा, मृत्यूआधीचे १२ महिने हा अखेरचा टप्पा आणि मधला सगळा काळ देखरेखीचा. रुग्ण दोन वर्षं जगलाच नाही तर आधी अखेरच्या टप्प्याचे महिने भरतात: १८ महिने जगलेल्याचे शेवटचे १२ अखेरचे आणि पहिले ६ सुरुवातीचे, ९ महिने जगलेल्याचे सगळेच अखेरचे. प्रत्येक टप्प्याचा मासिक किंवा वार्षिक खर्च काढला आणि त्या टप्प्यात किती माणसं आहेत हे जगण्याच्या आकडेवारीवरून काढलं, की देशाचा एकूण अंदाज बांधता येतो.

यातून एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मधला टप्पा फार थोड्यांच्या वाट्याला येतो. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात तो वर्षानुवर्षं चालतो. तिथे माणशी वार्षिक खर्च कमी असला तरी माणसं इतकी असतात की एकूण रक्कम मोठी होते. लोक जास्त जगू लागले म्हणून खर्च वाढला, तर त्या वाढीला दोष म्हणणं मला पटत नाही.

या पद्धतीला आता एक अडचण येते. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घ्याव्या लागतात. अशा आजारांत झोळी खाली बसतच नाही. मधला टप्पाच सर्वांत खर्चिक ठरू शकतो. जुन्या टप्प्यांचे खर्च अशा रुग्णांना जसेच्या तसे लावू नयेत.

एका वर्षातल्या सगळ्या रुग्णांचा खर्च मोजायचा, की नव्या रुग्णांचा जन्मभराचा?

प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. पुढच्या वर्षी तिजोरीतून किती जाईल हे हवं असेल तर त्या वर्षी आजार असलेल्या सगळ्यांचा, जुन्या आणि नव्यांचा, त्या एका वर्षातला खर्च मोजायचा. एक कर्करोग टाळला तर किती वाचेल हे हवं असेल तर निदानापासून अखेरपर्यंतचा खर्च हवा. लस, तपासणी मोहीम, तंबाखूमुक्ती यांचा विचार दुसऱ्या मापाने करावा लागतो. वर्षाचा आकडा घेऊन प्रतिबंधाचा फायदा सांगणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं, कारण चांगल्या कामाची बाजू चुकीच्या मापाने मांडलेली असते.

पहिल्या प्रकारचा प्रसिद्ध अंदाज अमेरिकेचा आहे. २०११ च्या अभ्यासात २०१० चा खर्च सुमारे १२४.६ अब्ज डॉलर धरला होता, आणि २०२० साठी २०१० च्याच किमतींत १५७.८ अब्जांचा अंदाज बांधला होता. ही २७ टक्के वाढ निव्वळ लोकसंख्या वाढल्याने आणि म्हातारी झाल्याने येणारी. आजाराचं प्रमाण, जगण्याचं प्रमाण आणि माणशी खर्च आहे तसेच धरले होते. सुरुवातीच्या आणि अखेरच्या टप्प्याचा खर्च दरवर्षी २ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तेव्हा तोच अंदाज १७३ अब्जांवर गेला. गृहीतक बदललं की आकडा किती हलतो हे त्यांनी उघडपणे दाखवलं, आणि अंदाज असाच द्यायला हवा.

अभ्यास संपला तेव्हा काही रुग्ण अजून उपचार घेत होते. त्यांचं काय करतात?

या क्षेत्रातली ही सर्वांत अवघड गाठ आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

समजा पाच वर्षं नोंदी ठेवल्या. काही रुग्ण त्या काळात वारले. त्यांचा हिशेब पूर्ण आहे. काही अजून जिवंत आहेत, काही दुसऱ्या गावी गेले. त्यांचा हिशेब अर्धवट आहे. याला सेन्सॉरिंग म्हणतात. सगळ्यांचा जमलेला खर्च जोडून माणसांनी भागलं तर सरासरी कमी येते, कारण अर्धवट हिशेबही पूर्ण म्हणून धरला जातो. आणि फक्त पूर्ण हिशेब असलेले घेतले तर लवकर गेलेले लोकच जास्त येतात. जास्त जगलेल्यांची बाजू गळते. मग काहींना वाटतं, जगण्याचं प्रमाण काढण्याची कॅप्लन-मायर पद्धत दिवसांऐवजी पैशांना लावू. तेही चूक आहे. ज्याचा खर्च भराभर वाढतो, तो नोंद तुटायच्या क्षणीही मोठ्या रकमेवरच उभा असतो, त्यामुळे नोंद तुटणं आणि एकूण खर्च एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत.

१९९७ मध्ये लिन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला मार्ग समजायला सोपा आहे. काळाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात, त्याच्या सुरुवातीला जे जिवंत आणि नोंदीत होते, त्यांचा त्या तुकड्यातला सरासरी खर्च काढा. त्याला तोवर जिवंत राहण्याच्या शक्यतेने गुणा आणि सगळे गुणाकार जोडा. पहिल्या वर्षी सरासरी १० एकक, दुसऱ्या वर्षी ४, तिसऱ्या वर्षी ६ लागतात असं समजा. वर्षाच्या सुरुवातीला जिवंत असण्याची शक्यता अनुक्रमे १, ०.८ आणि ०.६. तर तीन वर्षांचा माणशी अपेक्षित खर्च १० अधिक ३.२ अधिक ३.६, म्हणजे १६.८ एकक. नुसती बेरीज केली असती तर २० आले असते, म्हणजे प्रत्येक जण तिन्ही वर्षं जगला असं धरल्यासारखं झालं असतं.

२००० मध्ये बँग आणि त्सियाटिस यांनी दुसरा मार्ग दिला: ज्यांची नोंद पूर्ण आहे त्यांना, अशी नोंद पूर्ण राहण्याच्या शक्यतेच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं, म्हणजे नोंदी तुटलेल्यांची बाजूही तेच सांभाळतात. अभ्यासात या दोन्हींपैकी कशाचाच उल्लेख नसेल आणि पाठपुरावा अर्धवट असेल, तर सरासरी खर्चावर विसंबू नये.

सरासरी द्यावी की मध्यक?

खर्चाच्या नोंदी एका बाजूला फार लांब ताणलेल्या असतात. दहा रुग्ण घ्या. नऊ जणांना प्रत्येकी १० एकक लागले आणि एकाला गुंतागुंत होऊन २१०. मध्यक, म्हणजे रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १०; सरासरी ३०. अंदाजपत्रक मध्यकावर बेतलं तर १०० एकक ठेवले जातील आणि लागतील ३००. म्हणून पैशांची सोय करायची असेल तिथे सरासरीच हवी. पण "माझ्यासारख्याला साधारण किती लागेल?" असं विचारणाऱ्या कुटुंबाला मध्यक आणि सोबत वरची शक्यता, दोन्ही सांगणं प्रामाणिकपणाचं आहे.

तो एक रुग्ण 'अपवाद' म्हणून वगळण्याचा मोह आवरावा. तोही रुग्णच आहे, आणि त्याचा खर्च कोणीतरी खरंच भरला आहे.

(संख्याशास्त्र करणाऱ्यांसाठी: खर्चाचा लॉगॅरिदम घेऊन समीकरण बसवलं तर परत मूळ मापात येताना सरासरी चुकते. त्यासाठी दुआन यांची १९८३ ची दुरुस्ती तरी वापरावी, किंवा सरळ गॅमा वितरण आणि लॉग दुव्याचं सामान्यीकृत रेषीय प्रारूप घ्यावं. शून्य खर्चाच्या नोंदी बऱ्याच असतील तर दोन भागांचं प्रारूप.)

सोबतीला थांबणाऱ्यांच्या वेळेची किंमत कशी करायची? त्यांना कोणी पैसे देत नाही.

पैसे देत नाहीत म्हणून त्या वेळाला मोल नाही, ही समजूत मला मनापासून खुपते. केमोच्या दिवशी सोबत आलेली मुलगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसते. तो दिवस तिच्या आयुष्यातून वजा झालेला असतो.

मोजण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात, तो वेळ तिने दुसरीकडे घालवला असता तर किती कमावलं असतं हे पाहतात. दुसऱ्यात, तेच काम पगारी मदतनीसाकडून करून घेतलं असतं तर किती द्यावं लागलं असतं हे पाहतात. पहिला प्रकार घर सांभाळणाऱ्या बाईला आणि निवृत्त माणसाला जवळजवळ शून्यावर आणतो. शुश्रूषा करणाऱ्यांत बायका आणि वयस्कर जोडीदारच जास्त असतात, तेव्हा हा हिशेब ज्यांचे कष्ट सर्वांत जास्त त्यांनाच सर्वांत स्वस्त ठरवतो. माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. निदान दोन्ही आकडे तरी द्यावेत.

तास विचारतानाही जपावं लागतं. "दिवसाला किती तास काळजी घेता?" या प्रश्नाला "चोवीस" असं उत्तर येतं, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरं असतं. पण स्वयंपाक आधीही होतच होता, म्हणून आजारपणामुळे वाढलेला वेळ तेवढाच धरायचा. रोजनिशी दिली तर नोंद नेमकी येते, पण थकलेल्या माणसाला रोज लिहायला लावणं हाही एक भारच आहे. आठवडाभराची रोजनिशी, तीही दर काही महिन्यांनी, हा मधला मार्ग बरा.

अकाली मृत्यूची किंमत पैशात मांडणं योग्य आहे का?

प्रश्न रास्त आहे. इथे माणसाची किंमत ठरत नाही, समाजाने गमावलेल्या कामाचा अंदाज बांधला जातो. तरीही रीत कोणती यावर आकडा कमालीचा बदलतो. डोरोथी राइस यांच्या १९६६ च्या कामापासून रूढ झालेल्या मानवी भांडवलाच्या रीतीत, पन्नाशीत गेलेल्या माणसाचं पासष्टीपर्यंतचं सगळं उत्पन्न नुकसान धरतात. डच संशोधकांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या घर्षण-खर्चाच्या रीतीत, त्याच्या जागी दुसरा माणूस रुळेपर्यंतचे काही महिनेच धरतात. पंधरा वर्षं आणि काही महिने, एवढं अंतर! शिवाय दोन्ही रीतींत लहान पगाराच्या माणसाचा मृत्यू 'स्वस्त' ठरतो. या आकड्यांवरून कोणत्या रुग्णाला उपचार द्यायचे हे कधीही ठरवू नये.

एखाद्या गटाचा खर्च कमी आला, म्हणजे तिथे काम चांगलं चाललं आहे असं समजायचं का?

मुळीच नाही. मला या पानावर सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. पैसे संपले म्हणून ज्याने चौथ्या केमोनंतर येणं सोडलं, त्याचा खर्च नोंदीत कमी दिसतो. निदानच उशिरा झालं आणि दोन महिन्यांत जो गेला, त्याचाही कमीच दिसतो. खर्चाच्या तक्त्यात हे दोघे 'किफायतशीर' रुग्ण ठरतात. म्हणून खर्चाच्या शेजारी नेहमी पाहावं: ठरलेले उपचार किती जणांनी पूर्ण केले, किती जणांनी मध्येच सोडले आणि का.

आग्नेय आशियातल्या आठ देशांत ९,५०० हून अधिक नव्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ष संपेपर्यंत २९ टक्के रुग्ण वारले होते. आणखी ४८ टक्के कुटुंबांनी वार्षिक उत्पन्नाच्या ३० टक्के किंवा अधिक रक्कम खिशातून घातली होती; यालाच त्यांनी आर्थिक अरिष्ट म्हटलं. जिवंत आणि आर्थिक अरिष्टाबाहेर राहिलेले चौघांत एकाहूनही कमी. मृत्यू आणि अरिष्ट एकत्र मोजण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते; नुसते पैसे मोजले असते तर वारलेल्यांचा खर्च 'थांबला' एवढंच दिसलं असतं.

याच ओझ्याला २०१३ पासून 'आर्थिक विषाक्तता' असं नाव रूढ झालं, जणू औषधाचा आणखी एक दुष्परिणाम. ते मोजायला 'कॉस्ट' नावाची ११ प्रश्नांची मोजपट्टी आहे. गुण ० ते ४४, आणि जितके कमी तितका त्रास जास्त. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नोंदींवरून २०१३ मध्ये दिसलं की, कर्करोग झालेल्यांवर दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ इतरांच्या २.६५ पट आली. बिलांच्या बेरजेत कर्जाचं व्याज, विकलेले दागिने, मुलाचं थांबलेलं शिक्षण यांतलं काहीच येत नाही. ते वेगळं विचारावंच लागतं.

वेगवेगळ्या वर्षांतले खर्च एकत्र कसे जोडतात?

आधी सगळ्या रकमा एकाच वर्षाच्या किमतींत आणायच्या, महागाई निर्देशांक लावून. त्यानंतर वटाव: पुढे होणाऱ्या खर्चाला किंवा बचतीला आजच्या हिशेबात कमी मोल द्यायचं. वर्षाला ३ टक्के हा दर बराच वापरला जातो. वीस वर्षांनी वाचणारे १०० एकक ३ टक्क्यांनी आज सुमारे ५५ ठरतात, ५ टक्क्यांनी अवघे ३८. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस आज टोचायची आणि फायदा काही दशकांनी, त्यामुळे दर थोडा वाढवला तरी लस महाग वाटू लागते. दोन दरांनी केलेला हिशेब शेजारी शेजारी दिलेला असावा.

नोंदी मिळतात कुठून, आणि त्यांत काय उणं असतं?

विम्याच्या दाव्यांत पैसा दिसतो, पण आजाराची अवस्था दिसत नाही. कर्करोग नोंदणीत अवस्था दिसते, पैसा दिसत नाही. म्हणून दोन्ही जोडतात. अमेरिकेतली सीअर-मेडिकेअर ही जोडणी त्यासाठी ओळखली जाते: सीअर ही कर्करोग नोंदणी, मेडिकेअर ही सरकारी विमा योजना. पण मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यामुळे तरुण रुग्णांचं चित्र त्यातून येत नाही. आजार उलटल्याची नोंदही अशा साठ्यांत सहसा थेट सापडत नाही.

औषधचाचणीतल्या नोंदी नेटक्या असतात, पण चाचणीच्या नियमांसाठी केलेले जादा स्कॅन आणि भेटी त्यांत मिसळलेल्या असतात. रोजच्या उपचारांचा खर्च म्हणून ते धरू नयेत. खिशातला खर्च कळायला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. दाखल झाल्याचं वर्षभरानेही आठवतं. रिक्षाभाडं, जादा दूध, फोन यांचं पंधरा दिवसांनीही आठवत नाही. प्रश्नावलीत दोन्हींसाठी एकच मुदत ठेवली असेल तर छोटे खर्च गळलेले असणार.

दुसऱ्या देशाचा आकडा चलन बदलून वापरता येईल का?

शक्यतो नको. बाजारातल्या विनिमय दराने नर्सच्या तासाचं मोल भलतंच येतं. त्यापेक्षा क्रयशक्तीच्या तुलनेवर बेतलेले आंतरराष्ट्रीय डॉलर बरे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजात २०४ देशांतल्या २९ कर्करोगांचा २०२० ते २०५० या काळातला जागतिक भार २५.२ लाख कोटी आंतरराष्ट्रीय डॉलर निघाला, तो अशाच मापात. मात्र तो उत्पादन, श्रम आणि भांडवल यांवरच्या परिणामाचा अंदाज आहे, बिलांची बेरीज नव्हे. उसनं घ्यायचंच असेल तर परकीय अभ्यासातले पैसे न घेता वापर घ्यावा: किती भेटी, किती दिवस, किती मात्रा. दर आपल्या ठिकाणचे लावावेत.

आमच्या घरात रुग्ण आहे. आम्ही खर्च लिहून ठेवायचा तर कसा?

एक वही करा. तारीख, कशासाठी, किती, कोणी भरले आणि परत मिळाले का, असे रकाने पुरे. डाव्या पानावर पैसे आणि उजव्या पानावर वेळ: कोण सोबत गेलं, किती वाजता निघालं, किती वाजता परतलं, कोणाची रजा पडली. उसने घेतलेले पैसे शेवटच्या पानावर, व्याजासकट. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. लिहायचं काम रुग्णाच्या जवळच्या माणसावर न टाकता जरा लांबच्या कोणावर सोपवा, भाच्यावर किंवा शेजारणीवर; त्यांनाही काहीतरी करायचंच असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा समाजसेवा विभागाला ती वही दाखवा आणि विचारा: पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या तपासण्या आणि कोणती औषधं येणार आहेत, आणि त्यांतलं काय पुढे ढकलता येतं.